वर्णन राहू द्या, अंतर सांगा: प्रवासाला नेण्याजोग्या सात कादंबऱ्या

कादंबरी वाचून ते गाव खरंच कळतं का, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. गोष्ट उचलायची आणि दुसऱ्या शहरात ठेवून बघायची. पॅरिसच्या कोपऱ्यावरची बेकरी, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी मालकीण, पावसात भिजत आलेला अनोळखी माणूस. हे सगळं लिस्बनला हलवून फक्त पावाचं नाव बदलावं लागलं, तर ती कादंबरी पॅरिसची नव्हे, मुखपृष्ठाची. अशी पुस्तकं ढिगाने निघतात. वाईट नसतात, विमानतळावरचे चार तास बरे जातात. पण त्यांच्या भरवशावर गावात उतरलात तर हाती काही लागत नाही. रंग, वास, सूर्यास्त भरपूर. पण इथून तिथे जायला पात्राला किती वेळ लागला, वाटेत काय आडवं आलं, हे कुठेच नाही.

पुढच्या सात कादंबऱ्या याच कसोटीवर तपासल्या आहेत. सगळ्या पास झालेल्या नाहीत.

नगीब महफूझ यांची कैरोची त्रयी (१९५६-५७) सगळ्यात चोख उतरते. पहिल्या भागातली अमीना लग्न होऊन आली त्याला पंचवीस वर्षं होत आली, तरी ती एकटी कधी उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. शहर तिला माहीत आहे ते सज्जाच्या लाकडी जाळीतून दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच: मिनार, खालचं कॉफीहाऊस, मध्यरात्री घरी परतणाऱ्या नवऱ्याच्या बग्गीचा आवाज. नवरा परगावी गेल्यावर मुलं तिला हुसैन मशिदीत जायला भरीस पाडतात. घरापासून मशीद चालत दहा मिनिटांवरही नाही. परतीच्या वाटेवर मोटारीचा धक्का लागून तिचं हासळीचं हाड मोडतं, चोरून केलेली यात्रा उघडी पडते आणि नवरा तिला माहेरी धाडतो. दहा मिनिटांच्या रस्त्यावर लेखकाने पंचवीस वर्षांचं ओझं ठेवलं आहे. तो रस्ता तुम्ही स्वतः चालून गेलात की किती किरकोळ लांबी आहे हे पायांना कळतं, आणि पुस्तक पुन्हा वेगळंच वाचावंसं वाटतं.

इथे एक घोळ हमखास होतो. तिन्ही भागांची अरबी नावं म्हणजे जुन्या कैरोतल्या जमालिया भागातल्या रस्त्या-गल्ल्यांची नावं: बैन अल-कसरैन, कस्र अल-शौक, अल-सुक्करिया. इंग्रजीत त्यांचं ‘पॅलेस वॉक’, ‘पॅलेस ऑफ डिझायर’, ‘शुगर स्ट्रीट’ झालं. मग वाचक नकाशात शुगर स्ट्रीट शोधतो आणि ती सापडत नाही. अरबी लिपीतली मूळ नावं निघण्याआधीच फोनमध्ये साठवून ठेवा. बैन अल-कसरैन म्हणजे ‘दोन महालांच्या मधलं’. ते फातिमी राजवटीतले महाल केव्हाच गेले, नाव तेवढं टिकलं. आज ही जागा अल-मुइझ रस्त्याचा भाग आहे, आणि अमीनाला दिसणारे कलाऊन व बरकूक या सुलतानांच्या वास्तूंचे मिनार अजून तिथेच उभे आहेत. प्रवासापुरता पहिला भाग बस. तो १९१७ ते १९१९ एवढाच काळ सांगतो, पण पानं पाचशेच्या घरात आहेत आणि पहिली शंभर संथ आहेत. निघायच्या आदल्या आठवड्यात हाती घेतलात तर अर्ध्यावर राहील. महिनाभर आधी सुरू करा.

डब्लिनसाठी ‘युलिसिस’ (१९२२) सुचवायची म्हटलं की लोक मान हलवतात आणि विषय बदलतात. त्यांचं चुकत नाही. सगळी वाचायला बसलात तर तिसऱ्या प्रकरणात गाडी रुतते. पण ठिकाणाच्या दृष्टीने इतकी काटेकोर कादंबरी दुसरी सापडणं कठीण. १६ जून १९०४ हा एकच दिवस, अठरा प्रकरणं. जेम्स जॉइस परदेशात बसून लिहीत होता आणि दुकानांची, घरांची नावं त्या वर्षाच्या थॉम्स निर्देशिकेतून तपासून घेत होता. दहाव्या प्रकरणात एकोणीस तुकडे आहेत, एकाच तासात शहरभर फिरणाऱ्या माणसांचे. कोण कोणाला कुठल्या पुलावर ओलांडून जातो, याचा हिशेब नकाशावर मांडून बघता येतो.

प्रवाशाने क्रम बदलावा. चौथं, पाचवं, सहावं, आठवं आणि दहावं, एवढी प्रकरणं आधी. जमलं तर मग पहिल्याकडे वळा. ते सँडीकोव्हच्या मार्टेलो मनोऱ्यात घडतं आणि तिथे आता संग्रहालय आहे. चालण्यासाठी आठवं सर्वोत्तम. दुपारी कादंबरीचा भुकेला नायक ब्लूम ओकॉनेल पूल ओलांडतो, वेस्टमोरलंड स्ट्रीट, ग्राफ्टन स्ट्रीट करत ड्यूक स्ट्रीटवरच्या डेव्ही बर्न्समध्ये गॉर्गोनझोला चीजचं सँडविच आणि बर्गंडी घेतो, आणि किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी पोचतो. याच वाटेवर १९८८ मध्ये फुटपाथात चौदा कांस्याच्या पाट्या बसवल्या आहेत, प्रत्येकीवर त्या त्या जागेचं वाक्य. नुसतं चालायला अर्धा तास पुरतो, पाट्या वाचत गेलात तर दीड.

फसगत होते ती जुन्या नावांनी. पुस्तकातला सॅकव्हिल स्ट्रीट १९२४ पासून ओकॉनेल स्ट्रीट झाला. तिथला नेल्सनचा स्तंभ १९६६ मध्ये स्फोटात गेला. आज तिथे टोकदार स्पायर आहे. ब्लूमचं घर, ७ एक्लीस स्ट्रीट, पाडलं गेलं. त्याचा दरवाजा तेवढा वाचला आणि तो जेम्स जॉइस सेंटरमध्ये ठेवला आहे, म्हणजे पत्ता एकीकडे आणि दार दुसरीकडे. स्वेनी हे लिंकन प्लेसवरचं औषधांचं दुकान आता औषधं विकत नाही. स्वयंसेवक ते चालवतात, आत जॉइसची वाचनं होतात आणि ब्लूमने घेतलेला तो लिंबाच्या वासाचा साबण मात्र अजून मिळतो. पुस्तकात तो साबण दिवसभर त्याच्या खिशात आहे आणि बसताना टोचतो. ही टोचणी शंभर सूर्यास्तांपेक्षा जास्त डब्लिन सांगते.

आता नापास झालेली. कार्लोस रुइस साफोन यांची ‘द शॅडो ऑफ द विंड’ (२००१) बार्सिलोनाला निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सुचवतोच. खिळवून ठेवते, यात वाद नाही. एका रात्रीत दोनशे पानं जातात. पण यातलं शहर बहुतेक वेळ धुक्यात असतं, आणि धुक्यात अंतर दिसत नाही. पात्रं एका गूढ वाड्यातून दुसऱ्यात पोचतात, मधली चढण, ट्राम, दमछाक फारशी जाणवत नाही. ‘विसरलेल्या पुस्तकांची दफनभूमी’ हे कादंबरीतलं गुप्त ग्रंथालय सगळ्यांना शोधायचं असतं. ज्या गल्लीत ती दाखवली आहे ती आर्को देल तेआत्रो खरी आहे, रांब्ला या मुख्य रस्त्यापासून आत शिरते, पण दफनभूमी नाही, कधीच नव्हती. एल्स क्वात्रे गात्स हा कॅफे खरा आहे, फक्त तो १८९७ ला उघडला आणि १९०३ ला बंद पडला. कादंबरीतली माणसं तिथे १९४५ मध्ये खुशाल बसलेली आहेत. आज दिसतो तो नंतर पुन्हा उभा केलेला. काही इंग्रजी आवृत्त्यांच्या शेवटी चालत फिरायची वाटही छापलेली आहे, त्यामुळे विकत घेण्याआधी मागची पानं उलटून बघा. पुस्तक वाचा, पण परत आल्यावर. आधी वाचून गेलात तर भूमध्य समुद्राच्या लख्ख उन्हात उभं राहून धुकं शोधत बसाल.

लुई द बर्निए यांची ‘कॅप्टन कोरेलीज मँडोलिन’ (१९९४) ग्रीसच्या सेफालोनिया बेटाची. लिखाणात दोष नाही, अडचण भूगर्भाची आहे. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात बेटावरची बहुतेक गावं कोसळली, उत्तर टोकाचं फिस्कार्दो बऱ्यापैकी वाचलं. म्हणजे युद्धकाळातलं जे गाव पुस्तकात डोळ्यांपुढे उभं राहतं ते बघायला मिळणार नाही. भूकंप स्वतः पुस्तकात येतो, त्यामुळे लेखकाने लपवलं असंही नाही. कादंबरीवरच्या सिनेमात दिसलेलं जुनं गाव हा बेटावरच्या सामीत उभारलेला चित्रीकरणाचा सेट होता. जुनी घरं बघायची असतील तर मुक्काम फिस्कार्दोला टाका.

अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) सुंदरबनात अंतर मोजते ते किलोमीटरमध्ये नाही, पाण्याच्या वेळेत. दोन भागांची नावंच भाटा आणि जुआर, म्हणजे ओहोटी आणि भरती. ओहोटीला होडी चिखलात बसली की बसली. सकाळी दिसलेला किनारा दुपारी पाण्याखाली. लुसीबारी बेट काल्पनिक आहे, कॅनिंग खरं. डॉल्फिनचा माग काढणारी पिया आणि तिचा नावाडी फोकीर यांच्यात एकही सामायिक भाषा नाही, तरी त्यांची प्रकरणं पुस्तकातली सर्वोत्तम आहेत. दिल्लीहून आलेला दुभाष्या बोलू लागला की कथा थोडी व्याख्यानाकडे झुकते. तिथे भरभर पुढे सरका.

ओरहान पामुक यांच्या ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ची (२००८) गोष्टच वेगळी. मूळ तुर्की नावातला ‘मासुमियेत’ म्हणजे आपल्या ओळखीचा ‘मासूमियत’च. इस्तंबूलच्या श्रीमंत निशांताशी भागातला केमाल, फ्यूसुन नावाच्या दूरच्या नात्यातल्या मुलीपायी, चुकुरजुमातल्या तिच्या घरी जवळजवळ आठ वर्षं जेवायला जात राहतो आणि प्रत्येक वेळी घरातली एखादी वस्तू खिशात घालून आणतो. दोन्ही वस्त्यांत तीनेक किलोमीटरचं अंतर असेल, पण एका बाजूला विलायती अत्तर आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचा धूर. पामुक यांनी चुकुरजुमात खरंच घर घेतलं आणि २०१२ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. कादंबरीची प्रकरणं ८३, त्यांच्याच क्रमाने तिथली कपाटं. आत शिरताच ४२१३ सिगारेटची थोटकं टाचून लावलेली भिंत समोर येते. अडुसष्टावं प्रकरण त्यांच्यावरच आहे.

शेवटच्या प्रकरणात पानावरच एक तिकीट छापलेलं आहे. पुस्तक दाखवलं की त्यावर शिक्का मारून फुकट आत सोडतात. म्हणून छापील प्रतच न्यायची. वजनदार आहे, पाचशेहून जास्त पानं, पण इलाज नाही. सोमवारी संग्रहालय बंद. वस्तीतले रस्ते उताराचे आणि दगडी फरसबंदीचे, त्यामुळे पायात धड बूट हवेत. पुस्तक मधल्या दोनशे पानांत मुद्दाम कंटाळवाणं होतं: तीच जेवणं, तोच टीव्ही, तीच वाट पाहणं. काही वाचक इथेच सोडतात. न सोडलेल्यांना त्या थोटकांच्या भिंतीपुढे जे होतं ते सोडलेल्यांना होत नाही. वेळ फारच कमी असेल तर निदान पहिली वीस प्रकरणं आणि अडुसष्टावं.

सगळ्यात छोटी आणि सगळ्यात पक्की यासुनारी कावाबाता यांची ‘युकिगुनी’. इंग्रजीत ‘स्नो कंट्री’, एडवर्ड सायडेनस्टिकर यांचा १९५६ चा अनुवाद. दीडेकशे पानं, प्रवासात बरोबर ठेवावी अशी. गावाचं नाव कादंबरीत कुठेच नाही, पण ते निइगाता प्रांतातलं युझावा. लेखक जिथे उतरला त्या ताकाहान सराईत त्याची खोली जपलेली आहे. पहिल्याच वाक्यात बोगदा ओलांडला की हिमदेश समोर येतो. मूळ जपानीत तिथे गाडी नाही, कर्ताही नाही. इंग्रजीने गाडी घातली. मराठीला मात्र असं कर्त्यावाचून वाक्य बोलायची सवय आहे, त्यामुळे मनातल्या मनात मराठी करून वाचलं तर मूळाच्या जास्त जवळ जाता येतं.

बोगद्याने प्रांत बदलतो ही काव्यातली अतिशयोक्ती नाही. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारं वारं जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतं, डोंगर चढताना ते बर्फ होऊन युझावाच्या बाजूला कोसळतं, आणि तोक्योच्या बाजूला कोरडं ऊन पडतं. त्यामुळे जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. एप्रिल उलटल्यावर गेलात तर ही कादंबरी निम्मीच भेटेल.

आणि बोगदा कुठला, हे आधी समजून घ्या. पुस्तकातला शिमिझू बोगदा १९३१ चा. शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेलात तर तुम्ही १९८२ च्या दाईशिमिझू बोगद्यातून जाता, पुस्तक उघडेपर्यंत युझावा येतं. बोगद्याच्या तोक्योकडच्या बाजूच्या मिनाकामीहून साधी गाडी पकडलीत तर ती १९६७ च्या शिन-शिमिझूतून जाते. दिवसाला मोजक्याच गाड्या, वेळापत्रक आधी पाहून ठेवावं. या वाटेवरच्या दोआई स्थानकाचा फलाट बोगद्याच्या पोटात आहे. तिथे उतरलात तर वर यायला ४६२ पायऱ्या, आणि सामान असेल तर त्या मोजायची वेळ येतेच. जुना बोगदा आजही चालू आहे, पण फक्त तोक्योकडे परतणाऱ्या गाड्यांसाठी. कादंबरीतल्याच बोगद्यातून जायचा हट्ट असेल तर युझावाहून मिनाकामीकडे येणारी लोकल धरा. तिच्यातून बाहेर पडता तेव्हा बर्फ मागे राहिलेला असतो.