कापला, पण भरला नाही: सुरुवातीच्या नोकऱ्यांमधला हरवलेला पीएफ

विशी-पंचविशीत फार थोडे जण एका जागी टिकतात. सहा महिने कुरिअरची पार्सलं, वर्षभर सिक्युरिटी, मग चाकण किंवा वाळूजला ठेकेदाराकडून लाइनवर, मध्येच एखादं कॉल सेंटर नाहीतर मॉलमधलं काउंटर. पुढे पस्तिशीत घराच्या डाउन पेमेंटची वेळ आली की माणूस पीएफचं पासबुक उघडतो. आठवतात सात नोकऱ्या, पासबुकात दिसतात तीन. उरलेल्या चार ठिकाणी पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला कपात छापली होती, पण ते पैसे भविष्य निर्वाह निधी कार्यालयात पोचलेच नाहीत. ही चोरी आहे. ती इतक्या सहज पचते, कारण ज्याचे पैसे गेले त्याला दहा-बारा वर्षं पत्ताच नसतो.

किती पैसे जातात ते आधी पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये असतील, तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकानेही तेवढेच घालायचे असतात. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,००० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले ४४० पीएफमध्ये. पासबुकात म्हणूनच तीन रकाने दिसतात: १,४४०, ४४० आणि १,०००. पगाराच्या स्लिपवर यातला फक्त पहिला आकडा असतो. त्यामुळे १,४४० बुडाले असं कामगाराला वाटतं. प्रत्यक्षात महिन्याला २,८८० बुडालेले असतात.

सरळ न भरणं हा फसवणुकीचा सर्वांत उघडा प्रकार. त्याहून चलाख प्रकार म्हणजे थोडं भरणं. हजेरी २६ दिवसांची, पण भरणा ११ दिवसांचा. बाकीचे दिवस बिनपगारी दाखवायचे. पासबुकात त्या महिन्याची नोंद दिसते, म्हणून कुणी खोलात जात नाही. नोंद आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिच्यासमोरचा पगाराचा आकडा स्लिपशी ताडून बघा. तसंच, १२,००० च्या पगारात मूळ पगार ५,००० आणि बाकी सगळे 'स्पेशल अलाउन्स' दाखवले असतील तर पीएफही ५,००० वरच निघतो. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. वैधानिक पगारमर्यादा मात्र १५,००० रुपयांची आहे, त्यावरच्या पगारावर पीएफ भरण्याची सक्ती मालकावर नाही.

तिसरा प्रकार लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे चालतो: दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून काढायचे. मालकाचा खर्च १२ टक्के हिस्सा, अर्धा टक्का विमा आणि अर्धा टक्का प्रशासकीय शुल्क मिळून १३ टक्के होतो. तोही कामगाराच्या माथी मारला की कपात २५ टक्क्यांवर जाते. ठरलेल्या मजुरीतून मालकाचा हिस्सा कापायला कायद्याची मनाई आहे. स्लिपवर 'पीएफ' या नावाखाली १२ टक्क्यांहून जास्त कपात दिसली, तर त्याच महिन्यात लेखी विचारा.

आणि मग 'ब्रेक'. सहा-सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, पंधरा दिवसांनी त्याच गेटवर, त्याच मशीनवर, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत घेतो. घाईघाईत फॉर्म ११ वर, म्हणजे आधीच्या पीएफची माहिती द्यायच्या फॉर्मवर, सही होते. आधीचा यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा पीएफ क्रमांक, आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' असं ठेकेदाराचाच माणूस भरतो आणि नवा बारा अंकी नंबर तयार होतो. कधीकधी त्या नंबराला मोबाइल सुपरवायझरचा जोडलेला असतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातो. काम सुटलं की सुपरवायझर फोन उचलत नाही आणि स्वतःच्या खात्याचं दार बंद होतं. २०१४ मध्ये यूएएन आला तो नोकऱ्या कितीही बदलल्या तरी नंबर एकच राहावा म्हणून. एका माणसाचे दोन-तीन यूएएन निघाले, तर बहुतेक वेळा घोळ याच ठिकाणी झालेला असतो.

तपासणीला पैसे लागत नाहीत. यूएएन स्वतःच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवरून सक्रिय करा. त्याच नंबरावरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजने येते. महिन्यागणिक नोंदी उमंग अॅपवर किंवा पासबुकाच्या संकेतस्थळावर दिसतात. मालकाने चालू महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणजे एप्रिलच्या पगाराची नोंद जूनमध्येही नसेल तर काहीतरी बिनसलंय. कंपनी किंवा ठेकेदार मुळात पैसे भरतो का, हे ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये नाव टाकून पाहता येतं: कोणत्या महिन्याचे, किती कामगारांचे, किती रुपये. गेटवर दोनशे माणसं आणि भरणा चाळीस जणांचा असेल, तर आपण त्या चाळिसात आहोत का, हा प्रश्न नोकरीत असतानाच विचारायचा.

२०१४ च्या आधीच्या नोकऱ्यांना यूएएन नव्हता, प्रत्येक मालकाचा वेगळा पीएफ नंबर होता. तो जुन्या स्लिपवर असतो आणि त्याच्या सुरुवातीची अक्षरं कार्यालय सांगतात: बांद्र्याचा असेल तर एमएच-बीएएन, पुण्याचा पीयू-पीयूएन, ठाण्याचा टीएच-टीएचए. स्लिप फाटली-हरवली असेल तरी बँक खात्यात पगार जमा होत होता ना? बँकेकडे अर्ज करून त्या काळाचं स्टेटमेंट मागवा. पगार जमा करणाऱ्याचं नाव त्यात सापडतं आणि त्या नावावरून मालकाचा पीएफ कोड शोधता येतो. प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. तिथे ही कागदपत्रं घेऊन समोरासमोर बोलता येतं.

याच टप्प्यावर दुसरी फसवणूक गाठते. सायबर कॅफेतला किंवा फेसबुकवरचा एजंट 'अडकलेला पीएफ काढून देतो' म्हणतो आणि आधार, पासवर्ड, ओटीपी सगळं मागतो. ईपीएफओ सदस्याकडून दाव्यासाठी एक रुपयाही घेत नाही. एजंटचा हिस्सा मात्र निघालेल्या रकमेवर ठरतो. म्हणून तो पीएफ काढायच्या फॉर्म १९ बरोबर १०सी सुद्धा भरतो, म्हणजे निवृत्तिवेतनाचे पैसेही काढून टाकतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. दोन-दोन वर्षांच्या पाच नोकऱ्या जोडल्या तर ती भरते. प्रत्येक वेळी १०सी भरून पैसे उचलले तर प्रत्येक वेळी शून्यापासून मोजणी. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ५०,००० च्या वर रक्कम काढली की १० टक्के टीडीएस कापला जातो. जुनं खातं नव्यात वर्ग करायचा अर्ज म्हणजे फॉर्म १३, तो पोर्टलवर घरबसल्या होतो. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्याला दोन महिने उलटल्यावर ती सदस्याला स्वतः टाकता येते.

पैसे भरलेच नसतील तर तक्रार ईपीएफओच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करा आणि तिची छापील प्रत विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या. सोबत पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, नेमणूकपत्र, ओळखपत्र, गेटपास जोडा. कंत्राटी कामगाराने तक्रारीत दोन नावं घालायलाच हवीत: ठेकेदाराचं आणि ज्या कंपनीच्या गेटमधून आत जात होता तिचं. ठेकेदाराने बुडवलेला पीएफ भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. एकट्या ठेकेदाराचं नाव लिहिलं आणि तो गाशा गुंडाळून गेला, तर तक्रार वर्षानुवर्षं हलत नाही. पगारातून कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हाही आहे.

कार्यालयाची नोटीस गेली की बहुतेक वेळा मालकाचा फोन येतो: 'तक्रार मागे घे, तुझे कापलेले पैसे रोख देतो.' गरज असते, माणूस जातो आणि सही करून येतो. १२,००० च्या पगारावर अठरा महिन्यांची ती रोख भरते २५,९२० रुपये. मालकाच्या हिश्श्याचे तेवढेच २५,९२० त्याच्या खिशात राहतात, मधल्या वर्षांचं व्याज राहतं आणि निवृत्तिवेतनाच्या सेवेतले ते अठरा महिने कुठेच मोजले जात नाहीत. सहीच्या कागदावर 'सर्व येणे मिळाले' असं लिहिलेलं असतं. पैसे द्यायचेच असतील तर ते पीएफ खात्यातच भरायला सांगा, आणि पासबुकात अठराही महिने दिसेपर्यंत कशावरही सही करू नका.