माझ्या लाजेचे त्याने ४८,१४९ रुपये केले

४९९, मग १२,८००, मग २१,५००, मग ९,७५० आणि शेवटी ३,६००. एकूण ४८,१४९ रुपये. हा आकडा बायकोला सांगायला मला दोन महिने लागले आणि आत्ता लिहितानाही कान तापलेत. तरी लिहितोय, कारण ज्याने मला लुटलं त्याचा सगळा धंदा एकाच खात्रीवर चालतो: बद्धकोष्ठतेबद्दल मोठा माणूस चारचौघांत तोंड उघडत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो मार आता मला खायचा नाही.

माझं वय ३७. त्रास चौथ्या वर्षापासूनचा. तेव्हा एकदा कडक खडा होऊन जागा फाटली, रक्त आलं आणि त्या दिवसापासून मी शी दाबायला शिकलो. दाराआड चवड्यांवर उभा राहायचो, पाय एकमेकांत आवळून, घामाघूम होऊन. घरच्यांना वाटायचं पोरगं जोर करतंय. मी जोर करत नव्हतो, आलेली शी परत आत ओढत होतो. दाबलेला मळ आत पडून राहतो, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो दगड होतो, पुढच्या खेपेला जास्त दुखतं आणि पोर जास्त दाबतं. शाळेच्या संडासात मी दहा वर्षांत एकदाही बसलो नाही. सातव्या वर्षी चड्डीला डाग पडायला लागले. साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि मुलाला ते कळतही नाही, हे मला गेल्या वर्षी समजलं. तेव्हा मात्र मी मार खाल्ला होता. आळशी म्हणून, घाणेरडा म्हणून.

मोठा झालो तरी तेच. आठवड्यातून दोनदा, तेही अर्धा-अर्धा तास कुंथून, आणि उठल्यावर पोट साफ झालंय असं कधीच वाटायचं नाही. डॉक्टरकडे गेलोच नाही असं समजू नका. तीन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणी पाणी प्या, भाज्या खा, चालायला जा आणि हातात चिठ्ठी. ‘कधीपासून?’ ‘लहानपणापासून.’ एवढ्यावर मान हलायची आणि पेन कागदावर टेकायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘शिकलेला माणूस असून फसलास कसा’ असं मला घरातल्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी विचारलंय.

असा फसलो: जाहिरातीवर बोट पडलं, ४९९ रुपये भरले आणि एक अर्ज उघडला. त्यात पहिला प्रश्न होता, ‘लहानपणी संडासाला जायची भीती वाटायची का?’ दुसरा, ‘त्यावरून कोणी मारलं किंवा हसलं का?’ तेहेतीस वर्षांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी रात्री दीड वाजेपर्यंत तो अर्ज भरत बसलो. दुसऱ्या दिवशी त्या जाहिरातवाल्याचा फोन आला. चाळीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘यात तुमची काहीच चूक नव्हती.’ मी फोन धरून रडलो.

त्याचं हे वाक्य खरं होतं, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. लहानपणी दुखण्याच्या भीतीने दाबायची सवय लागते आणि ती सवय मोठेपणापर्यंत पुरते, हे वैद्यकशास्त्रही मानतं. त्याने खऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली आणि त्या भरवशावर मी पुढचं सगळं खोटं गिळलं. खोटं असं की, माझ्या आतड्याच्या भिंतींना तेहेतीस वर्षांच्या मळाचे थर चिकटलेत, त्यांचं विष रक्तात जातंय आणि त्याच्या पावडरीने ते थर दोरीसारखे सुटून बाहेर पडतील. २८ दिवसांचा संच, १२,८०० रुपये. फरक पडला नाही तर पैसे परत, लेखी हमी.

त्या अर्जात काय नव्हतं ते आता दिसतं. मळात रक्त जातं का, वजन उतरलंय का, थायरॉइड तपासलाय का, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का, यातलं एक अक्षरही नव्हतं. ज्याला तुमच्या लाजेची इत्थंभूत माहिती हवी आहे आणि रक्ताची चौकशी नको आहे, त्याला पैसे देऊ नका.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो म्हणून नीट लिहितो. डबा आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाकण फिरवत होतो. अंगठा लेबलवरून गेला आणि एक कड लागली. लेबलवर लेबल होतं. वरच्या कागदाचा कोपरा तिळाएवढा सुटला होता आणि खालून काळ्या बारीक अक्षरांची अर्धी ओळ दिसत होती. मी काय करावं? मी नखाने तो कोपरा दाबून परत चिकटवला. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या अंगठ्याला कळलं होतं, पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं, कारण तेहेतीस वर्षांनी एका माणसाने माझं ऐकून घेतलं होतं. साडेतीन महिन्यांनी वाफेवर धरून ते लेबल सोलून काढलं. खाली लिहिलेलं होतं: सोनामुखी, बेंटोनाइट माती, गवार डिंक. बस.

सोनामुखी म्हणजे सरळसरळ जुलाब. रात्री घेतली की सकाळपर्यंत पोटात मुरडा येऊन काम होतं. ते कधीतरी, थोडे दिवस, डॉक्टरला विचारून घ्यायचं औषध आहे. आणि डिंक व माती पाणी पितात, फुगतात, आतड्याच्या आकाराची लांब चिकट दोरी बनते आणि तीच बाहेर पडते. म्हणजे तो जो ‘थर’ दाखवतो तो त्याच्याच डब्यातून आलेला असतो. सहाव्या दिवशी माझी पहिली दोरी पडली. हातभर लांब, हिरवट काळी, रबरासारखी. त्याने फोटो मागितला. मी ती काडीने प्लास्टिकच्या झाकणावर घेतली, न्हाणीघराच्या फरशीवर ठेवली आणि बॅटरी लावून फोटो काढून पाठवला. मला आनंद झाला होता. त्याने आधी पाठवलेल्या नमुन्याच्या फोटोत अगदी हुबेहूब तशीच दोरी होती, आणि दोन वेगळ्या माणसांची वर्षानुवर्षांची घाण एकसारखी कशी, हा प्रश्न मला पडला नाही. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्याला तेहेतीस वर्षं काही चिकटून राहूच शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच ‘आतड्यातल्या विषा’च्या कल्पनेपायी लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठतेच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढत होते. पुढे वैद्यकशास्त्राने ती कल्पना मोडीत काढली, आणि हे लोक तीच डब्यात भरून विकतात.

पुढे ‘मनातली गाठ’ सोडवायची सहा सत्रं, २१,५०० रुपये. डोळे मिटून फोनवर बोलायचं, कोणी मारलं, कुठे लपलो, चड्डी कुठे टाकली. हे सगळं मी त्याला सांगितलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

पावडर संपली आणि नऊ दिवस काहीच झालं नाही. मी घाबरलो. तो म्हणाला, शेवटचा थर सर्वांत घट्ट असतो, मात्रा दुप्पट करू. ९,७५० रुपये. जे बंद केल्यावर पोट पहिल्यापेक्षा जास्त अडतं त्याला कोणी इलाज म्हणत असेल तर तिथेच थांबा. मी थांबलो नाही. अठराव्या दिवशी पिंढऱ्या वळायला लागल्या, छातीत धडधड सुरू झाली आणि पहाटे बायकोने मला तातडीच्या विभागात नेलं. पोटॅशियम २.९ निघालं. ते ३.५ च्या खाली जाऊ नये. जुलाबावाटे गेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पावडर तिथल्या तिथे बंद करायला लावली.

हमीप्रमाणे पैसे परत मागितले. ‘परताव्याचं प्रक्रिया शुल्क’ म्हणून ३,६०० मागितले आणि मी भरले. हो, तेही भरले. बुडालेल्या ४४,५४९ साठी माणूस आणखी ३,६०० टाकतो, हे ज्याचं बुडालंय त्यालाच कळेल. पैसे परत द्यायला कोणी आधी पैसे मागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मग मी चढ्या आवाजात बोललो, आणि त्याने माझ्याच आवाजातली बावीस सेकंदांची ध्वनिफीत मला पाठवली. सातव्या वर्षाची, चड्डीची. खाली एक ओळ: ‘ऑफिसात कोणाला ऐकवू?’ फोनवर कोणालाही असलं काही सांगू नका. समोर बसलेला, नोंदणी असलेला माणूस असेल तरच सांगा.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने माझा अर्ज मोठ्याने वाचला. बाकावर चार माणसं बसली होती. ‘कशाचा त्रास?’ म्हणून त्याने पुन्हा विचारलं, नीट ऐकू आलं असूनही. मग म्हणाला, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, वस्तू मिळाली, यात फसवणूक कुठे? ध्वनिफितीचं सांगितलं तर म्हणाला, अजून कोणाला पाठवली नाही ना, पाठवली की या. म्हणजे माझी अब्रू गेल्यावर या. बँकेत गेलो. व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, आम्ही काही करू शकत नाही. औषध खात्यात गेलो. डब्यावर ‘आहारपूरक’ लिहिलंय, अन्न विभागाकडे जा. अन्न विभागाने सांगितलं, रोग बरा करण्याचा दावा आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. दोन्ही खिडक्या एकाच मजल्यावर, मध्ये एक जिना. तो जिना मी पाच वेळा ओलांडला. सोललेलं लेबल मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेतो. आजवर एकाही माणसाने ते हातात घेऊन वाचलेलं नाही. एका साहेबांनी तर सल्ला दिला की सकाळी उठून कोमट पाणी पीत जा. मी त्यांच्या टेबलावर फसवणूक, धमकी आणि बनावट लेबल ठेवलं होतं आणि त्यांना दिसलं ते फक्त माझं पोट. ग्राहक आयोगातली तक्रार तेवढी दाखल झालीय, दोन तारखा पडल्यात, समोरून कोणी आलं नाही. तक्रार करताना व्यवहारांचे क्रमांक, संभाषणाच्या प्रती आणि डबा, सगळं जपून ठेवा. आणि सोबत कोणाला तरी न्या. एकट्या माणसाला हसणं फार सोपं असतं.

त्या डॉक्टरबाईंनी पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यांनी मला सात चित्रांचा तक्ता दाखवला, ब्रिस्टल तक्ता म्हणतात त्याला, १९९७ सालचा. पहिल्या चित्रात सुटे कडक खडे, सातव्यात नुसतं पाणी. मी पहिल्यावर बोट ठेवलं. रोज झालंच पाहिजे असंही नाही, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं ठीक धरतात, हेही मला तिथे पहिल्यांदा कळलं. मग तपासणी झाली. गुदाशयात ५० मिलिलिटर पाण्याचा छोटा फुगा ठेवतात आणि बाहेर ढकलायला सांगतात. बहुतेकांना मिनिटभर पुरतं. मला पाच मिनिटांत जमलं नाही. जोर करताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच मी आवळत होतो. चार वर्षांचा असताना दाराआड जे करत होतो तेच, अजूनही, नकळत. नुसता कोंडा आणि भाज्या वाढवून ही अडचण सुटत नाही, कधी कधी पोट जास्तच फुगतं. आता संवेदक लावून, पडद्यावर स्नायूंची रेघ बघत ते सैल सोडायला शिकतोय. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. पायाखाली स्टूल घेऊन बसतो, जेवणानंतर, कारण तेव्हा मोठं आतडं आपोआप हालतं. सोबत पाणी धरून ठेवणारं औषध आहे, मळ मऊ ठेवायला. पाचव्या सत्राला ती रेघ पहिल्यांदा खाली गेली.

घरात लहान मूल चवड्यांवर उभं राहून पाय आवळत असेल तर ते खेळत नाहीये. त्याला रागावू नका, डॉक्टरकडे न्या, मळ मऊ करा. आणि मळात रक्त, विनाकारण उतरलेलं वजन, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं काही असेल तर डबे मागवत बसू नका.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, डब्याचा रंग वेगळा. त्यात दोरीचा फोटो आहे, खाली ‘२८ दिवसांत ३३ वर्षांची घाण’ असं लिहिलंय. फोटोत प्लास्टिकचं झाकण आहे, झाकणाखाली पिवळट फरशी, फरशीत कोपऱ्यापासून गेलेला आडवा तडा आणि तड्याच्या टोकाला पांढऱ्या सिमेंटचा ठिपका. तो ठिपका मी माझ्या हाताने भरलाय. तो फोटो माझ्या न्हाणीघरातला आहे. कुठे दिसला तर पैसे भरू नका.