ट्रेलर ओढायचा की छोटा हत्ती करायचा?

होडी, जाळी, गळाच्या काठ्या, बर्फाची पेटी असं सगळं घेऊन बडोद्याहून भरूचला नर्मदेवर जायचं, तर कारमागे ट्रेलर जोडावा की छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, भाड्याने घ्यावा?

ट्रेलर सोयीचा खरा, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ते वेगळं वाहन आहे. कारची आरसी दाखवून भागत नाही. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. मला जास्त धास्ती वाटते ती वजनाची. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कारमागच्या, ट्रेलर जोडायच्या हुकावर हवा, म्हणजे ३०० किलोच्या ट्रेलरला ३० ते ४५ किलो. जड पेटी मागच्या टोकाला ठेवली की हुकावरचा भार कमी होतो आणि महामार्गावर वेग घेताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तेव्हा करकचून ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. कार आणि ट्रेलर जोडणाऱ्या साखळ्या हुकाखालून फुलीसारख्या बांधा. हूक निसटलाच तर ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर झेलला जातो.

छोट्या हत्तीत ही डोकेदुखी नाही. फिटनेस आणि विम्याचे कागद बघा, होडी पट्ट्यांनी आवळा. मात्र पोरांना मागे हौद्यात बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

वर्षाकाठी चार फेऱ्या असतील तर मी टेम्पोच करीन.