पिशवी उघडू नका म्हणाला आणि मी उघडली नाही

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं कारण यात सेलरच्या लबाडीपेक्षा माझा येडेपणाच जास्त दिसणार आहे. पण मागच्या आठवड्यात एक लिस्टिंग दिसली (तिचं शेवटी सांगतो) आणि म्हटलं बस, आता लिहूनच टाकायचं.

मी जुने अमेरिकन पेपरबॅक जमवतो. 1940-50 च्या काळातले, खिशात मावणारे, गुन्हेगारी, डिटेक्टिव्ह, सायन्स फिक्शन वगैरे. 1939 ला पॉकेट बुक्सने 25 सेंटला एक पुस्तक असं सुरू केलं, मग बाकीचे घुसले, 1950 ला फॉसेट प्रकाशनाची गोल्ड मेडल ही मालिका आली, 1952 ला एस (Ace) हे प्रकाशन. ही पुस्तकं न्यूजस्टँडवर, औषधांच्या दुकानात मासिकांच्या शेजारी रॅकवर लावलेली असायची, कागद एकदम भिकार, वाचा आणि सोडून द्या असा हिशोब. गिऱ्हाइकाला थांबवायचं काम कव्हरचं. बंदूक, लाल ड्रेसमधली बाई, पाठीमागे अंधारात कोणीतरी उभा. ही कव्हरं इतकी डोळ्यात भरायची की 1952 ला अमेरिकन काँग्रेसने समिती नेमून त्यांची चौकशी केली! आज हेच उलटं झालंय, आतला मजकूर बऱ्याचदा दुसऱ्या एडिशनमध्ये स्वस्तात मिळतो, लोक पैसे मोजतात ते त्या कव्हरसाठी आणि ते कव्हर किती धड आहे त्यासाठी. सगळं पाणी इथेच मुरतं.

अजून एक गोष्ट माहीत पाहिजे. न खपलेली पुस्तकं प्रकाशकाकडे अख्खी परत पाठवणं विक्रेत्यांना परवडायचं नाही, म्हणून नुसतं कव्हर फाडून पाठवायचं, त्यावर क्रेडिट मिळायचं, आणि उरलेलं पुस्तक रद्दीत टाकायचं अशी पद्धत होती. सगळी काही रद्दीत गेली नाहीत. त्यामुळे कव्हर नसलेली अस्सल धडं आजही फिरत असतात आणि कवडीमोलाने मिळतात. धड खरं, मुंडकं गायब. आणि मुंडकं आता कोणीही घरबसल्या कलर प्रिंटरवर काढू शकतो. हे मला माहीत होतं बरं का. माहीत असून फसलो म्हणून तर जास्त झोंबतं.

मला हवा होता एसचा डी-15 (हा त्यांचा पुस्तकाचा नंबर). एस डबल म्हणजे एका पुस्तकात दोन कादंबऱ्या, पुस्तक उलटं-पालटं केलं की दुसरं कव्हर, दुसरी कादंबरी, मागची बाजू अशी नाहीच. 1953 चा हा डबल, किंमत 35 सेंट, एका बाजूला ‘जंकी’, लेखकाचं नाव विल्यम ली, जे खरं तर विल्यम बरोज यांचं टोपणनाव, आणि दुसऱ्या बाजूला ‘नार्कोटिक एजंट’ नावाचं एका सरकारी एजंटचं आत्मकथन. व्यसनी माणसाचं पुस्तक एकटं छापायला प्रकाशकाला धास्ती, म्हणून पाठीला पोलीस बांधून दिलाय! मला ही गोष्टच इतकी आवडते की चार-पाच वर्षं नुसता शोधत होतो, आणि चांगल्या कंडिशनचा दिसला की आकडा बघून गुपचूप टॅब बंद करायचो.

मग ही लिस्टिंग आली, 340 डॉलर. तसल्या कंडिशनसाठी हा भाव कमी होता, खूपच कमी, आणि तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण सेलरने कारणही तयार ठेवलं होतं, वडिलांचं कलेक्शन आहे, मला यातलं काही कळत नाही, घर रिकामं करतोय. यातलं काही कळत नाही म्हणणारा माणूस डिस्क्रिप्शनमध्ये स्पाइन रोल (पुस्तकाचा कणा वाकडा होणं), एज वेअर (कडा झिजणं) असले शब्द बिनचूक कसे लिहितो हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आता पडतो. फोटो आठ होते, सगळे समोरून, दोन्ही कव्हरं झकास, स्पाइन झकास. कडांचा फोटो नाही, आतल्या पानाचा एकच, कव्हरच्या आतल्या बाजूचा नाहीच.

मी मेसेज केला की अजून फोटो मिळतील का. तर म्हणाला पुस्तक आता मायलरच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पिशवीत सील केलंय, सारखं काढलं घातलं तर स्पाइनला चीर जाईल, तुमच्याच हिताचं आहे. पटलं मला. वर म्हणाला की साइटचं कमिशन वाचवू, तुम्ही ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे डायरेक्ट पाठवा, 25 डॉलर कमी करतो. पाठवले. म्हणजे 25 डॉलर वाचवायला मी 315 डॉलरवरचं सगळं संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकलं, कारण तसं पेमेंट खरेदी म्हणून धरतच नाहीत.

पुस्तक आलं, पॅकिंग एक नंबर, दोन्ही बाजूला पुठ्ठा, पिशवीला चहूबाजूने टेप आणि वर छोटी चिठ्ठी, हाताच्या तेलाने कागद खराब होतो, शक्यतो उघडू नये. आणि मी नाही उघडली हो! दोन महिने ती पिशवी कपाटात उभी, येणाऱ्याजाणाऱ्याला लांबून दाखवतोय, हात लावू देत नाहीये. परत करायची मुदत 30 दिवसांची होती, ती चिठ्ठी कशासाठी होती हे आता कळलंच असेल.

फुटलं कसं तर अगदी फालतू कारणाने. कपाट पुसायला सगळे एस डबल खाली काढले, परत एका रांगेत लावले तर हा एकटा बुटका. तीनेक मिलिमीटर. छपाई-बांधणीत थोडाफार फरक असतो म्हणून आधी दुर्लक्ष केलं, पण डोक्यातून जाईना, शेवटी रात्री पिशवी कापली.

पहिल्यांदा कडा बघितल्या. हा कागद आम्लयुक्त असतो, हवा आणि उजेड कडेकडूनच आत शिरतो, त्यामुळे पान कडेला सगळ्यात जास्त तपकिरी होतं आणि मध्याकडे फिकट होत जातं. इथे कडा आणि मध्य एकाच रंगाचे. म्हणजे तिन्ही बाजूंनी कडा कापून टाकल्यात, जुनाट झालेला भाग गेला, पुस्तक ताजं दिसायला लागलं आणि बुटकं झालं. कोपरे इतके तीक्ष्ण कसे याचं मला कौतुक वाटत होतं फोटोत.

मग कव्हर उघडून आतली बाजू बघितली. 70 वर्षं आम्लाच्या पानाला चिकटून राहिलेल्या कव्हरवर आतून त्या पानाची तपकिरी सावली उमटते. माझ्याकडच्या बाकीच्या सगळ्या एसवर आहे. इथे कोरं करकरीत.

एवढ्यावर पोटात गोळा आलाच होता, तरी एका जुन्या कलेक्टर ओळखीच्यांकडे घेऊन गेलो, वयाने मोठे आहेत, कमी बोलतात. त्यांनी दहापटीचं भिंग दिलं आणि म्हणाले चित्र बघू नकोस, अक्षरं बघ. अस्सल कव्हरवर काळं अक्षर म्हणजे सलग काळी शाई, कड स्वच्छ. चित्रात ठिपके असतात पण ते शिस्तीत, ऑफसेटच्या जाळीत. माझ्या पुस्तकावर अक्षरंसुद्धा रंगीबेरंगी ठिपक्यांची, आणि चित्रात ठिपक्यांवर ठिपके, कारण छापलेल्याचा स्कॅन परत छापलाय. एकदा दिसलं की न दिसणं शक्य नाही. नंतर त्यांनी यूव्ही टॉर्च मारला, कव्हर आतून निळसर पांढरं चमकलं, आजच्या प्रिंटरच्या कागदासारखं. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची ती रसायनं साधारण 1950 च्या आसपास वापरात यायला लागली, त्यामुळे 1953 च्या पुस्तकासाठी नुसता टॉर्च पुरावा होत नाही, पण शेजारी ठेवलेले त्याच वर्षाचे दोन एस काळे ठिक्कर आणि हे एकटं ट्यूबलाइट, मग बोलायचं काय राहिलं.

ते पुस्तक उलटं करून बघत एवढंच म्हणाले, ‘धड अस्सल आहे हं.’ माझं समाधान करत होते की टोमणा मारत होते अजून कळलेलं नाही.

सेलरला लिहिलं. वाटलं ब्लॉक करेल, तर लगेच उत्तर आलं, एकदम गोड. म्हणाला डिस्क्रिप्शन नीट वाचा. वाचलं. सगळ्यात खाली, शिपिंगच्या माहितीच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, कव्हर व्यावसायिक पद्धतीने स्थिर केलेलं आहे. स्थिर! डागडुजी नाही, बदललेलं नाही, नक्कल नाही, स्थिर. ओरिजिनल हा शब्द त्याने पूर्ण लिस्टिंगमध्ये एकदाच वापरला होता आणि तोही मजकुरासाठी, ‘1953 चा ओरिजिनल मजकूर’, जे खरंच आहे. कव्हर ओरिजिनल आहे हे त्याने कधी म्हटलंच नव्हतं, ते मी माझ्या मनाने वाचलं होतं. साइटकडे तक्रार केली तर मुदत संपलेली आणि पेमेंट त्यांच्यातून गेलेलं नाही. पैसे पाठवले त्या सर्व्हिसने सांगितलं तुम्ही ओळखीच्याला पाठवलेत. संपलं.

नक्कल केलेलं कव्हर विकणं गुन्हाच आहे असंही मला म्हणायचं नाही. कित्येक कलेक्टर बिनकव्हरच्या पुस्तकाला प्रिंट काढून लावतात, आत पेन्सिलने नक्कल असं लिहून ठेवतात आणि विकताना स्वस्तात विकतात, त्यात काहीच वावगं नाही. पण कडा कापून, जुन्या पुस्तकाला नवी कातडी शिवून, वर टेप मारून उघडू नका म्हणून सांगणारा माणूस सरळ नाही एवढं नक्की.

आता मी काहीही घेताना चार फोटो मागतो: तिन्ही कडा, कव्हरची आतली बाजू, शीर्षकाची अक्षरं जितक्या जवळून निघतील तितकी, आणि पुस्तक पट्टीशेजारी ठेवून. खरा सेलर वैतागतो पण देतो. एकाने तर माझी लिस्ट बघून विचारलं तुम्हालापण चुना लागलाय का, म्हटलं हो, म्हणाला मलापण.

आणि मागच्या आठवड्याची लिस्टिंग. सेलरचं नाव वेगळं, गोष्ट आईच्या कलेक्शनची, पुस्तक डेल प्रकाशनाचं, मागच्या कव्हरवर नकाशा असलेलं एक मर्डर मिस्टरी, पण फोटोतलं टेबल तेच. लाकडात डाव्या कोपऱ्यात एक काळी गाठ आहे, दोन महिने त्याचे फोटो झूम करकरून बघितलेत, मी ती गाठ झोपेतसुद्धा ओळखेन. मेसेज टाकला, पट्टीशेजारी ठेवून एक फोटो पाठवाल का. उत्तर आलं की पुस्तक पिशवीत सील केलंय, तुमच्याच हिताचं आहे.