नॅसचा फॅन बदलला, घरातलं गुऱ्हाळ बंद

घरच्या दोन बेच्या नॅसचा (दोन हार्डडिस्क बसणारा, घरच्या नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) फॅन महिनाभर असा घुरघुरत होता की आई म्हणाली गुऱ्हाळ लावलंयस काय रे घरात. तेल सोडून बघितलं, चार दिवस गप्प, परत सुरू, कारण बेअरिंगच गेलेलं. राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो तर म्हणे आख्खा डबाच बदला, म्हटलं राहू दे. शेवटी नॉक्टुआ कंपनीचा ९२ मिमीचा थ्री पिन (वायरीच्या टोकाला तीन पिनांचा कनेक्टर असलेला) फॅन ऑनलाइन मागवला. महाग आहे आणि रंग चॉकलेटी-बदामी, पण ६ वर्षांची वॉरंटी आहे आणि स्क्रूऐवजी लावायला रबरी पिना येतात, त्यामुळं थरथर बॉडीत उतरतच नाही. घेण्याआधी जुन्या फॅनची साईज, जाडी आणि कनेक्टरच्या पिना किती ते नक्की बघा. स्टिकरची बाजू बाहेर ठेवायची, हवा तिकडनंच निघते, मी पहिल्यांदा उलटाच बसवला होता 😅 सोबतचा लो नॉइज अडॅप्टर (आवाज कमी व्हावा म्हणून फॅन हळू फिरवणारी छोटी वायर) लावला तर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, कमी दिसून नॅस फॅन फेल म्हणून बोंबलायला लागला, मग काढून टाकला, तरी आवाज नाहीच. आता फक्त हार्डडिस्कची कटकट ऐकू येते. नाद खुळा फॅन!