प्रेपची रोजची गोळी: दहा महिन्यांनंतर

एचआयव्ही होऊ नये म्हणून दहा महिने मी रोज एक गोळी घेतोय, तिलाच प्रेप म्हणतात. टेनोफोव्हिर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. पुरुषांशी संबंध ठेवणारे आपल्यातले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरू करण्याआधी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी (यकृताचा संसर्ग) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं) तपासलं. हे टाळू नका. एचआयव्ही आधीच असेल तर ही दोन औषधं पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. पहिले दहा-बारा दिवस मळमळलं, पोटात गॅस झाला. मग काही नाही.

खरा त्रास गोळी रोज घेण्याचाच. याच गोळीवरच्या २०१०च्या आयप्रेक्स अभ्यासात गोळी दिलेल्या सगळ्यांचा मिळून एचआयव्हीचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला होता, पण ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांचा ९२ टक्क्यांनी. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मला कुठे विसर पडतोय, असं वाटलं.

विसर पडलाच नाही. कळव्याला वन बीएचकेत आम्ही पाच जण. बाटली कपाटात स्वेटरखाली. तीस गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते, त्यामुळे सगळे झोपल्यावरच उघडायची. ऐरोलीला रात्रपाळी लागली की घरी यायचो सकाळी आठला, तेव्हा आई स्वयंपाकघरात, पुतण्या शाळेच्या घाईत. राहू दे, उद्या घेऊ. त्या महिन्यात नऊ गोळ्या उरल्या. गणपतीला गावी जाताना बाटली मुद्दाम घरीच ठेवली, बॅग कोणी उघडली तर, या भीतीने. सात दिवस कोरडे गेले. परतल्यावर पुन्हा चाचणी, पुन्हा सलग सात दिवस गोळी होईपर्यंत कंडोमशिवाय काही नाही. रिपोर्टची वाट पाहतानाची ती दुपार मला अजून आठवते.

मग वहिनीला सांगितलं. एवढंच विचारलं तिने, "भाऊजी, जेवणाआधी घ्यायची की नंतर?" कसंही चालतं, म्हटलं. आता बाटली तिच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असते. वेळ घड्याळावर बांधली नाही, झोपून उठल्यावरच्या पहिल्या चहाशी बांधली. पाळी कुठलीही असो, चहा चुकत नाही. एखादी गोळी राहिलीच तर आठवली की घ्यायची, दोन एकदम नाही. गेल्या पाच महिन्यांत दोनच चुकल्या.

दर तीन महिन्यांनी चाचणी असते. दुसऱ्या खेपेला सिफिलिस निघाला, संबंधांतूनच होणारा आजार. प्रेप तो थांबवत नाही, कंडोम लागतोच. इंजेक्शनने बरा झाला, पण तपासलं नसतं तर कळलंही नसतं. हेपॅटायटिस बी असेल त्यांनी ही गोळी मनाने बंद करू नये, यकृताला सूज येऊ शकते.

शिमग्याला निघताना ठाणे स्टेशनवर वहिनीने पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. झाकणाखाली कापूस भरला होता, खुळखुळू नये म्हणून.