उपकेंद्राच्या फाटकाला अ‍ॅल्युमिनियमचे बरगे : घ्या, पण आधी केबल ट्रेंच बघा

पुराचं पाणी विजेच्या उपकेंद्रात शिरू नये म्हणून फाटकात बसवायच्या या आडव्या फळ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घालतात, तीच ही कल्पना. फाटकाच्या दोन्ही बाजूंना खाचेचे खांब, त्यांत २०० मिलिमीटर उंचीच्या पोकळ अ‍ॅल्युमिनियम फळ्या आणि सांध्यांत रबर. पाच फळ्यांत एक मीटर पाणी अडतं, तीन मीटरच्या फाटकाला दोन माणसं पुरतात. काम चोख आहे. मात्र तेवढ्या रुंदीवर एक मीटर पाण्याचा रेटा सुमारे दीड टन भरतो. कंपाउंडची साधी विटांची भिंत तो पेलेल का, हे आधी तपासा.

लावण्यापूर्वी तळाची पट्टी धुऊन घ्या. यार्डातला एक खडा रबराखाली राहिला तरी तिथून धार लागते. वरचे क्लॅम्प आवळायलाच हवेत, नाहीतर चढत्या पाण्याबरोबर पोकळ फळ्या तरंगून उचलल्या जातात.

तरीही पाणी आत येतं, ते ट्रेंचमधून, म्हणजे केबल टाकलेल्या जमिनीतल्या चरातून. भिंतीखालून गेलेल्या केबलच्या पाइपांतून ते थेट कंट्रोल रूममध्ये, ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) पॅनेलच्या बुडाशी निघतं. पाइपात केबलभोवती फोम मारून भागत नाही: लोड बदलला की केबल तापते-निवते, हलते आणि कडेला फट पडते. जुडी बांधलेल्या केबलच्या मधल्या पोकळीतून तर पाणी येतंच. प्रत्येक केबल सुटी करून तिच्या व्यासाचे रबरी ठोकळे फ्रेममध्ये आवळावे लागतात, रिकाम्या पाइपांना प्लग लागतात. बरग्यांच्या दराबरोबरच याचाही दर मागा.

आणि पंप. ४० बाय ३० मीटरच्या यार्डात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख २० हजार लिटर पाणी आतच साचतं. पंप डिझेलचाच हवा. उपकेंद्र बंद पडलं की त्याला स्वतःच्या वापराची वीज देणारा स्टेशन ट्रान्सफॉर्मरही गेला, मग विजेचा पंप काय कामाचा? गटाराच्या तोंडाला एकदिशा झडप बसवा. जुलै २००७ मध्ये इंग्लंडमधलं ग्लॉस्टरजवळचं वॉलहॅम उपकेंद्र वाचलं, तिथेही तात्पुरत्या अडसराबरोबर पंप चालू होते.

चिपळूणसारख्या, पाणी झपाट्याने चढून ओसरणाऱ्या ठिकाणी हा संच जरूर घ्यावा. कृष्णाकाठी पूर दिवसेंदिवस मुक्काम करतो, जमिनीतूनही पाझर सुरू होतो. तिथे हाच पैसा पॅनेल, बॅटरी आणि मार्शलिंग बॉक्स (यार्डातल्या नियंत्रणाच्या वायरी एकत्र जोडायची पेटी) पूररेषेच्या वर उचलण्यात घाला.